सात चांद आणि एकोणीस दिवस

डोहवाडी, ता. वाळवा
३१ मार्च १९६७

अख्तरबी चाचींना अनसूयाचा सलाम.

हे पत्र कुतुबुद्दीनभाईच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. भाई, बांगड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढं वाचू नका. घरी न्या, दार लोटा आणि फक्त तुमच्या सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात वाचा. विषय बायकांचा आहे.

चाची, हे काय वागणं झालं? काल सकाळच्या एस.टी.नं निघून गेलात आणि मला कळलं ते कंडक्टरकडून. लेकीकडं कोरेगावला जायचं होतं तर सांगून जायचं. वर सुईणपणाची सरकारी पेटी माझ्या उंबऱ्यावर ठेवलीत. उघडून बघितली तर कात्री उकळून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. माझ्यासारखीला राग आला असता तर मी पेटी विहिरीत टाकली असती. तुम्ही कात्री उकळत बसलात, त्याचा मला जास्त त्रास झाला.

बनूची मुलगी अजून आहे. मंगळवारी झाली तेव्हा तीन पौंडांच्या आत भरली. मी तिला कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून सुपात ठेवलंय. दूध ओढत नाही, थेंबाथेंबानं घालते. बनूची आई लक्ष्मीबाई सुपाजवळून हलत नाहीत.

मंगळवारी दुपारी तुम्ही चार बायांत जे बोललात ते मला लागलं, हे कबूल करते. आम्हा नर्सांना शिकवलंय ते असं, की कळा दिवसांआधी सुरू झाल्या तर चौतीस आठवड्यांचा हिशेब बघायचा. चौतीस भरले असतील तर बाळंतपण इथंच करायचं. भरले नसतील तर कळा हलक्या आहेत तोवर बाईला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं, कारण कच्च्या बाळाला न्यायला आईच्या पोटासारखी दुसरी गाडी नाही. बनूचे त्या दिवशी बरोबर चौतीस भरत होते. मी रजिस्टरमध्ये दोनदा बघितलं. आणि तुम्ही कंबरेचा दोरा काढून सगळ्यांसमोर गाठी मोजायला लागलात. "सात चांद सरलं, आठवा निम्माबी न्हाई. दोनच्या गाडीनं हिला मिरजंला ने, लेकी."

मी म्हणाले, "चाची, दोरा कंबरेला बांधा. इथं रजिस्टर चालतं."

बाया हसल्या. त्या हसतील असं मला वाटलं नव्हतं. पण दोनची सांगलीची गाडी आली आणि गेली, आणि नियम माझ्या बाजूचा होता. तुम्ही परत या. इतक्या लहान गोष्टीवरून माणूस गाव सोडत नाही.

अनसूया बनसोडे


डोहवाडी
६ एप्रिल १९६७

अख्तरबी चाचींना सलाम.

तुमचं उत्तर नाही. म्हणून मीच लिहिते.

बनूची मुलगी सोमवारी सकाळी गेली. सहा दिवस होती. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जायच्या, मग मधेच विसरल्यासारखी थांबायची, आणि मी तळव्याला टिचकी मारली की पुन्हा सुरू करायची. सोमवारी टिचकी मारली, तिनं सुरू केलं नाही. बनूचं अंगावरचं दूध वाहत होतं आणि ती पदरानं टिपत बसली होती.

बुधवारी आष्ट्याहून डॉक्टरसाहेब चौकशीला आले. चौतीस आठवड्यांचं मूल तीन पौंडांचं कसं, असं त्यांनी विचारलं. मी रजिस्टर पुढं केलं. मग त्यांनी विचारलं, कळा अवेळी का सुरू झाल्या. तुम्ही आदल्या शनिवारी बनूच्या पोटाला तेल लावलं होतं, हे खरंच आहे ना? लक्ष्मीबाईंनीच ते सांगितलं. मला जेवढं विचारलं तेवढं मी लिहिलं. कागदावर काहीतरी लिहावंच लागतं, चाची. कोरा ठेवून चालत नाही.

गावात लोक काहीबाही बोलतात. तुमच्या कानावर आलं तर मनावर घेऊ नका.

काल लालासाहेबांच्या घरी गेले तर त्यांच्या सुनेनं मला सोप्यावरच बसवलं, पाणीसुद्धा वरून ओतलं. दोन वर्षांपूर्वी मी आले तेव्हाही असंच होतं. तेव्हा तुम्ही माझा हात धरून घरोघर नेलंत. "ही माझी लेक समजा. हिचा हात माझ्यापरीस हलका हाय," असं म्हणालात. माझा हात तेव्हा कुठला हलका, मला अजून धड नाळ बांधता येत नव्हती. तुमच्या एका खोट्यावर मला ह्या गावात दारं उघडली.

पेटी मी कपाटात ठेवली आहे. कात्रीला गंज चढू देणार नाही.

अनसूया


डोहवाडी
१३ एप्रिल १९६७

चाची,

आधी कुतुबुद्दीनभाईंना सांगते. भाई, ह्यातलं एक अक्षर गाळू नका. तुम्हाला माझा राग येईल, पण वाचणं पुरं करा आणि मग चिडा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई रबरी पिशव्या परत द्यायला आल्या. घासून, पुसून, उन्हात वाळवून आणल्या होत्या. त्या बसल्या. मीही बसले. मग आपणहून बोलू लागल्या, बनूचं सासर, बनूचा रुसवा, असलंच काहीबाही. "धोंड्यात जावई आलता. अनारसं खाऊन गेला. म्हणलं, लेकीला पंचमीपत्तोर ऱ्हाऊ द्या. आन् पंचमीलाच ती भाईर बसली. झोक्यावर बसता आलं न्हाई म्हणून दिसभर फुगून हुती. तेच शेवटचं, मग दिस ऱ्हायलं."

मी विचारलं, "धोंडा कधीचा?"

त्या म्हणाल्या, "अवं, गेल्या सालीच की. श्रावण दोनदा आला न्हाई का?"

मी उठून रजिस्टर काढलं आणि आतला तक्ता बघितला.

तुम्हाला माझा पुठ्ठ्याचा तक्ता माहीत आहे. रजिस्टरच्या आत चिकटवलेला. बायांना इंग्रजी तारखा सांगता येत नाहीत. कुणी पंचमी सांगते, कुणी गौरी, कुणी दसरा. म्हणून मी इथं आले त्या साली, पासष्टला, शाळेतल्या कॅलेंडरवरून सणांच्या तारखा उतरवून घेतल्या. पंचमी, दोन ऑगस्ट. बाई पंचमी म्हणाली की मी दोन ऑगस्ट लिहायची आणि आठवडे मोजायची. सण दोनचार दिवस इकडंतिकडं सरकतात एवढं धरून चालले होते. धोंड्याच्या साली ते अडीचतीन आठवडे पुढं जातात, हे लहानपणी मलाही ठाऊक होतं. पण छप्पन सालापासून आमच्या घरात पंचांग नाही. वडिलांनी ते उचलून चुलीत घातलं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. दोष त्याचा नाही. दोष हा, की एकदा केलेल्या तक्त्यावर मी डोळे मिटून बसले आणि माझ्यापुढं बसलेल्या बाईला "गेल्या साली पंचमी कधी होती गं" एवढं विचारलं नाही.

शाळेत जाऊन गुरुजींकडून गेल्या सालचं कॅलेंडर मागून घेतलं. पंचमी एकवीस ऑगस्टला होती. एकोणीस दिवस. बनूचे चौतीस नव्हते भरले, एकतीसच होते. तुमचा दोरा दिवसाला धरून बरोबर होता. दोनच्या गाडीनं जायला हवं होतं.

आता उरलेलं. डॉक्टरसाहेबांच्या कागदावर मी काय लिहिलं ते तुम्हाला मागच्या पत्रात सांगितलं नाही. मी लिहिलं, "सुईणीने पोट चोळल्याने कळा सुरू झाल्या असाव्यात." 'असाव्यात' लिहिलं म्हणजे खोटं होत नाही, अशी मी माझी समजूत घातली. आणि आता खरं कळूनही तो कागद मी बदललेला नाही. माझी नोकरी अजून पक्की नाही, चाची. साताऱ्याला आई माझ्यावर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं रोज सकाळी मनाशी म्हणते आणि रोज दुपारपर्यंत ते पटेनासं होतं.

हे लिहायचं आणखी एक कारण आहे, आणि त्याला वेळ नाही. कोंडीबाची दगडाबाई. आधीची तीन गेली, तिन्ही दिवसांआधी. तिन्ही तुमच्या हातात झाली. मी तिच्या घरच्यांना आठवा लागला असं कागदावर लिहून दिलंय, तेही त्याच तक्त्यावरून. गणपती बोळवल्याच्या दिवसापासून धरलं तर तिला अजून सातवाच चालू आहे. तिला मिरजेला न्यायचं हे मी ठरवलंय. कधी न्यायचं, ते ठरत नाही. आत्ताच नेली तर कळा नाहीत म्हणून परत पाठवतील, आणि एकदा परत आली की घरचे दुसऱ्यांदा हलवणार नाहीत. उशीर केला तर वाटेत होईल. तिची खूण काय असते, चाची? माझ्यावर राग धरा, पण ह्याचं उत्तर द्या.

अनसूया


(कोरेगावहून आलेलं कार्ड)

१५ एप्रिल

नर्सबाईस,
सासूबाई सांगतात तसे लिहितो. दगडाबाईचं दुखणं पोटात न्हाई, कंबरंत सुरू हुतं. तिन्ही खेपंला सकाळी चुलीपुढनं उठताना तिनं कंबर धरली आन् दुसऱ्या दिसाला मोकळी झाली. तवा मला उमगलं न्हवतं. ती कंबर धरली की पोट कडक व्हायची वाट बघू नका. त्याच दिसाला न्या. बैलगाडीत घालू नका, धक्क्यानं पाणी जाईल. डाव्या अंगावर निजवा.
कागदाचं मला काय सांगू नका. मला वाचता येत न्हाई.
अख्तरबी
(हस्ते कुतुबुद्दीन)


मिरज
२० एप्रिल १९६७

चाची,

दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे.

तुमचं कार्ड सोमवारी मिळालं. त्यात तुम्ही मला 'नर्सबाई' म्हटलंय. ते मी दोनदा वाचलं, आणि मग उरलेलं दहादा. त्याच दिवशी दगडाबाईच्या घरी जाऊन सासूला, पारूबाईला, सांगून आले, की सुनेनं कंबर धरली की मला हाक मारायची, मग मी कुठंही असेन.

मंगळवारी रामनवमी होती. सकाळी पारूबाई स्वतः धावत आली. दगडाबाई चुलीपुढून उठताना भिंतीला धरून उभी राहिली होती. मी पोटावर हात ठेवला, पोट मऊ होतं. नियमाप्रमाणं बघितलं तर थांबून बघायची वेळ होती. मी थांबले नाही. वेशीत बादशहा ड्रायव्हरचा ट्रक हळदीची पोती भरून सांगलीच्या पेठेला निघाला होता. त्याला म्हटलं, पुढं मिरजेपर्यंत चल. तो हो म्हणाला, पण पावणेदहाच्या आत निघायला हवं, म्हणाला, नाहीतर सौदा चुकतो.

आणि कोंडीबा दारात आडवा उभा राहिला.

"नर्सबाई, तुमीच लिवून दिलंय, आठवा लागला म्हून. आठव्यात बाई वेस वलांडत न्हाई. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत न्हाई. माझी तीन गेली, ही चवथी मी वाटंवर सोडायची न्हाई."

मागून पारूबाई म्हणाली, "मीबी सातवाच म्हणत हुते. बोटावर मोजला. पर बाईंनी कागदावर लिवलं, मग म्या गप बसले."

हे ऐकून मला जे वाटलं ते सांगते. माझ्या कागदापुढं गावातल्या बायकांनी आपली बोटं खोटी मानली होती. लक्ष्मीबाईंनी मानली, बनूनं मानली. एकट्या तुम्ही मानली नाहीत.

अंगण भरलं होतं. रामजन्मासाठी देवळाकडं निघालेल्या बाया वळून तिथंच थांबल्या होत्या. लक्ष्मीबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. वेशीतून बादशहा भोंगा वाजवत होता. मला एक पळवाट होती, चाची. सरकारी हुकूम आहे असं दरडावून सांगायचं. कोंडीबा कदाचित हलला असता, कदाचित नसता. पण तो आठव्याच्या भीतीनं उभा होता, आणि तो आठवा मीच लिहिला होता.

मी मोठ्यानं म्हटलं, "हा आठवा नाही. सातवाच आहे. गेल्या साली धोंडा होता आणि माझा तक्ता त्याच्या आधीच्या सालचा होता. एकोणीस दिवस मी चुकीचे लिहिले. दगडाबाईचे चुकले आणि बनूचेही चुकले. अख्तरबी चाचींचा दोरा बरोबर होता. त्यांनी बनूला मिरजेला न्या म्हटलं होतं, मी नेऊ दिलं नाही. तेलानं काही झालेलं नाही. ते मी लिहिलं, ते खोटं आहे."

मग लक्ष्मीबाईंनी विचारलं, "म्हंजी त्या दिसाला दोनच्या गाडीत बसलो असतो तर माझी नात जगली असती?"

मी म्हणाले, "खात्री नाही देता येत. पण बहुतेक जगली असती."

त्या तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या. मला वाटलं, आता माझ्या अंगावर येतील, आणि याव्यात असंही वाटलं. त्या उठल्या, आपल्या घरात गेल्या आणि काखेत वाकळ घेऊन आल्या. वेशीपर्यंत चालत गेल्या आणि हळदीच्या पोत्यांवर ती वाकळ चौपदरी करून अंथरली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कोंडीबानं ते पाहिलं आणि बायकोला दोन्ही हातांवर उचललं.

आष्टा सोडलं तेव्हा पोट कडक व्हायला लागलं होतं. सांगलीच्या पुलावर मी घड्याळ लावून बघितलं, दर दहा मिनिटांनी. बादशहानं अख्खा पूल बैलाच्या चालीनं पार केला. मागच्या गाड्या ओरडत होत्या. दगडाबाई डाव्या अंगावर माझ्या मांडीला डोकं लावून निजली होती आणि एकच विचारत होती, "बाई, हातातनं तर न्हाई ना सुटायचं?" मी नाही म्हणत होते. मला काय ठाऊक.

मिरजेला पोचलो तेव्हा आम्ही दोघी हळदीनं पिवळ्या. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, लग्नातून आलात का. पलंगाच्या पायथ्याखाली विटा घालून तिला निजवलंय, इंजेक्शनं चालू आहेत. काल संध्याकाळपासून कळा थांबल्या आहेत. किती दिवस थांबतील, कुणी सांगत नाही. एकेक दिवस मोजायचा, म्हणतात. मी आज एक दोरा विकत घेतला आणि कालची व आजची अशा दोन गाठी मारल्या.

समोरच पोस्ट आहे. नवा कागद लिहून तयार केलाय, एक डॉक्टरसाहेबांना, एक सांगलीच्या कचेरीला. ह्या पत्राबरोबरच टाकते. डोहवाडीला परत गेले की पुन्हा भीती वाटेल, म्हणून इथूनच.

अनसूया


डोहवाडी
३० मे १९६७

चाची,

कुतुबुद्दीनभाई, हे पत्र दुकानात वाचा. गिऱ्हाईक असेल तर त्यालाही ऐकू द्या.

दगडाबाईला शुक्रवारी मुलगा झाला. साडेचार पौंड. अडतीस दिवस ती त्या विटांवरच्या पलंगावर पडून राहिली, एकदाही कुरकुरली नाही. पोरगा स्वतः ओढून दूध पितो. आईचं नाव दगडा, तर कोंडीबा म्हणतो, पोराचं नाव धोंडू ठेवू, म्हणजे दृष्ट लागत नाही. मी म्हटलं, बाबा, माझ्यावर दया कर आणि दुसरं काहीही ठेव. पारूबाई पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली.

माझे हिशेबही होत आले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मिटलेलं प्रकरण उकरून काढायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली?" माझ्या सेवापुस्तकात लाल शाईनं शेरा पडला आणि जतला बदली झाली. पाच तारखेला जायचं आहे. नोकरी राहिली एवढंच. आईला अजून कळवलेलं नाही. तुमच्या नावावरचा तो ठपका कागदावरून खोडला गेला, त्याची नक्कल ह्यासोबत आहे. तुम्हाला वाचता येत नसलं तरी जपून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवायला.

नव्या रजिस्टरमध्ये मी तक्ता चिकटवलेला नाही. प्रत्येक पानावर लिहून ठेवलंय, बाईला विचारा, तिच्या सासूला विचारा, चाचींना विचारा, आणि चालू सालचं कॅलेंडर बघा. येणारी नर्स माझ्यापेक्षाही लहान आहे म्हणतात. तीही शिकून आल्याच्या तोऱ्यात असेल. तुम्हाला टाकून बोललीच तर तिला माझी ही पत्रं वाचायला द्या. मला वाईट वाटणार नाही.

माफी मागत नाही. बनूच्या मुलीचं जे झालं त्याची माफी तुम्ही देऊ शकत नाही, ती तुमच्याकडं मागणं बरोबर नाही. तुमच्या दोऱ्याचं मी बायांसमोर हसं केलं, त्याची मागते.

काल बनू आली होती. सासरी निघाली आहे, नवरा न्यायला आलाय. उंबऱ्यातच उभी राहिली, आत आली नाही. मी ये म्हटलं नाही, मला धीर झाला नाही. तिथूनच म्हणाली, "बाई, पुढच्या खेपंला म्या कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, "चाचींचं ऐक. आणि स्वतःच्या बोटांवर मोज. कागद वेगळं बोलायला लागला तर कागदाशी भांड."

ती म्हणाली, "व्हय, पर चाची हायत कुठं आता?"

तेवढं बोलून ती गेली.

तुमची पेटी मी तुमच्या बंद दाराशी ठेवणार होते. जाताना लक्ष्मीबाई वाटेत भेटल्या. एप्रिलपासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली पेटी घेतली, उघडली, कात्री उन्हात धरून बघितली, पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, "माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. चाची आल्या की देते."

तुमची लेक,
अनसूया